अकरा घरांची खबर

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
भवानीनगर, ता. १२ ऑगस्ट १९९६

चि. सोनबास,
आक्काचा आशीर्वाद हाय, पण आज राग त्याहून मोठा हाय.

मी घरचं लिवते ते तू तुझ्या कंपनीत वाटावं म्हणून लिवते व्हय? काल आपल्या भिंतीला लागून ऱ्हाणाऱ्या चांदबीच्या दारात जीप आली. दोन सफारीवाले उतरले. बारामतीचा प्लॉट मे महिन्यात विकला, पैसे पोस्टात तिच्या एकटीच्या नावावर हायत, दिराचा त्यावर डोळा हाय, लेकीला, फरहतला, नर्सिंगला जायचंय, समदं तिचं तिलाच सांगितलं. वर गुप्तवार्ता खात्याचं जुनं ओळखपत्र दावलं. बाईला वाटलं, ह्यांना आपल्या घरातलं एवढं ठावं हाय म्हंजी ही सरकारचीच माणसं. पैसे आमच्या कंपनीत ठेवा, दोन वर्सांत दुप्पट म्हणं. पोस्टाचं पासबुक दिलं, पैसे काढायच्या फॉर्मावर सही दिली आन मोकळी झाली.

आता ऐक. दिराची गोष्ट चांदबीनं एकट्या मला सांगितली हुती. मी एकट्या तुला लिवली. दर पत्रात तू इचारायचास, कुणी काय विकलं, कुणाचं उसाचं बिल आलं, कुणाच्या पोरीचं ठरलं. मला वाटायचं भावाचा जीव अजून गावात हाय. चौथी शिकलेली बाई मी, चष्मा लावून चार-चार पानं लिवायची. ह्यांना कळलं कसं म्हणून सकाळी चांदबी मलाच इचारत हुती. मी मान खाली घालून लसूण सोलत बसले.

खरं काय ते लिही. गोड बोलू नगंस.
शकूआक्का

पुणे, ता. १७ ऑगस्ट १९९६

ती. आक्कास सोनबाचा साष्टांग नमस्कार.

तुझा संशय खरा आहे. घारगे साहेब चौदा वर्षं खात्यात माझे साहेब होते. त्यांनी ही कंपनी काढली आणि आम्हा सहा जुन्या माणसांना बोलावून घेतलं. काम तेच. कुणाकडे पैसा आलाय, त्याला कशाची भीती आहे, ते हेरून लिहून द्यायचं. आधी सरकारला द्यायचो, आता साहेबांना. गोळा झालेला पैसा मुंबईच्या एका टोळीकडे जातो, हे मला दिवाळीतच कळलं होतं. तरी पगार घेत राहिलो. तुझ्या पत्रांतून मी अकरा घरं लिहून दिली.

चांदबीआपाचे पैसे अजून निघाले नव्हते. पासबुक मी साहेबांच्या कपाटातून काढलं, रजिस्टरने पाठवतोय. सहीचा फॉर्म फाडला. नोकरी सोडली. बाकी दहा घरांचं माझ्या हातात राहिलं नाही. तुझीही फाईल माझ्याकडे आहे, असं साहेबांनी मी निघताना सुनावलं.

हे पत्र वाचून चुलीत घाल. जमलं तर मला पदरात घे.
तुझा सोनबा

भवानीनगर, ता. २२ ऑगस्ट १९९६

चि. सोनबास आक्काचा पोटातनं आशीर्वाद.

पासबुक पोचलं. तू त्या कपाटात हात घातलास, ह्ये मी मरंपत्तूर इसरणार न्हाय. काल फरहतची फी भरली. पोरगी पाया पडाया आली तवा मला ऱ्हावलं न्हाय. चांदबीला सांगून टाकलं, की तुझ्या घरातलं माझ्याच हातानं भायेर गेलं. ती तशीच उठून गेली. मला वाटलं, तीस वर्सांचा शेजार संपला. सांजच्याला तिनं अंबाडीची भाजी धाडली, आन वर निरोप, की भाजीत मीठ जास्त झालंय ह्ये तेवढं भावाला लिवू नगं. हसावं का रडावं कळंना. दोनी केलं. अशी माणसं मिळाली, देवाला आजून काय मागू?

तुझं पत्र मी चुलीत घातलं न्हाय. आज सकाळीच चांदबीला घिऊन इंदापूरला फौजदाराकडं गेले. त्यानं दोनदा वाचलं, आमाला च्या पाजला, आन म्हणाला, कागदापरास लिवणारा माणूस समोर पायजे. बाबा, त्या दहा घरांत सिंधुबाईच्या डोळ्याच्या आपरेशनाचं पैसे हायत, गेणूच्या बोअरचं हायत. त्यांच्या दारावरनं मी रोज पाण्याला जाते. तुला साहेबाचं भ्या हाय, कळतंय मला. तुझ्या फाईलीत काय आसंल ते आसू दे, मी ऐकून घियाला घट्ट हाय. उद्या जेल झाली तरी डबा माझा. पर जे साहेबाला लिवून दिलंस, ते आता फौजदाराला लिवून दे.

बुधवारी राखीपौर्णिमा हाय. येशील तर आधी इंदापूर, मग घर. न्हाय आलास तर तुझं पत्र घिऊन मी एकटी जबाब द्याया जाते, आन त्यात तुझं नाव मी सोता सांगणार.

माया हाय तशीच ऱ्हाईल, तिची काळजी करू नगंस. व्हय का न्हाय, एवढं मंगळवारपत्तूर कळव.
शकूआक्का