मुळा, मध आणि ती किंकाळी

२ ऑक्टोबर

आज परत! संध्याकाळी टबात बसून आमचे हे किंचाळले. पासष्टीचा माणूस, डोक्यावर ओला टॉवेल, गळ्यापर्यंत पाण्यात — आणि आवाज बोकड कापल्यासारखा. पलीकडून मुराओकाबाईंनी भिंत ठोकली. तांदळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन माफी मागायला कोण गेलं? मी. बाई म्हणाल्या, "नोबुएसान, डॉक्टरला दाखवा हो त्यांना." घशाचं दुखणं असतं तर दाखवलं असतं. हे डोक्याचं आहे.

३ ऑक्टोबर

कारण कळलं. फिनलंडमधल्या कुणा रिकामटेकड्याने इंटरनेटवर लिहिलंय — जपानचे हेवी मेटल बँड, जगाने शोधून ऐकावेत असे. त्यात यांचाही बँड! तेक्की. म्हणजे लोखंडी राक्षस. राक्षस कसले, तर एक कवळ्या बनवतो, एकाला मधुमेह, एक सुनेला घाबरतो, आणि चौथे आमचे हे — जन्मभर ओसाकात बस चालवली. 'सावकाश उतरा, पायरी आहे' एवढंच माईकवर बोलले. पंच्याऐंशी साली एकुलती एक तबकडी काढली, ती यांच्या आयांनीसुद्धा विकत घेतली नाही.

कवळ्यावाला कागावा गिटार वाजवतो. त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, मी इस्त्री करत ऐकलं. बाकीचे बँड तरी काय एकेक! नागोयाचे बाप्ये तोंडाला पांढरा रंग फासतात, नवरीपेक्षा जास्त वेळ आरशासमोर. साप्पोरोच्या एका टोळक्याची सगळी गाणी बर्फावर. क्यूशूच्या पोरी झालरीचे फ्रॉक घालून ड्रम बडवतात — त्या बऱ्या वाजवतात म्हणे, हे कागावाने नाक मुरडून कबूल केलं. इंग्रजी शब्द मात्र सगळ्यांनीच हाताला लागतील तसे ठोकलेले.

आणि तेक्कीबद्दल? 'तिसऱ्या गाण्याच्या शेवटची ती किंकाळी! पुरुषाच्या गळ्यातून असा आवाज निघतो यावर विश्वास बसत नाही.'

नकाच ठेवू.

यांनी मान खाली घातली नि चहा प्यायले. कागावाने उगाच गिटारची तार पिळली. माझ्याकडे कुणी बघेना.

४ ऑक्टोबर

मुळ्याच्या फोडी मधात घालून बरणी भरली. घशाला चांगलं. भांडण वेगळं, घसा वेगळा.

९ ऑक्टोबर

तो फिनलंडचा माणूस येतोय. तबकडी पुन्हा काढणार, आणि त्याआधी नांबामधल्या एका हॉलमध्ये राक्षसांचा कार्यक्रम. चाळीस वर्षांनी! यांनी माळ्यावरून चामड्याची विजार काढून माझ्या लाँड्रीत आणून टाकली. बुरशी आलेली. म्हणे, थोडी सैल होईल का? चामडं आहे, मन नाही, असं म्हणावंसं वाटलं. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून गप्प बसले.

१३ ऑक्टोबर

तालीम बघून आले. कवळ्यावाला बरा आहे अजून. हे मात्र ओळ चुकले की वाकून नमस्कार करतात, थांबा चुकला असावा तसा. किंकाळीची जागा आली की खोकला.

लागेल कशी? ती यांची कधी नव्हतीच.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. पंच्याऐंशीचा हिवाळा, साकाईतला तो दमट स्टुडिओ. यांचा घसा बसलेला. मी भाताचे गोळे घेऊन गेले होते सगळ्यांसाठी. कागावा गमतीत म्हणाला, नोबुए, तूच ओरड. मी ओरडले. एकदाच. काचेमागचा माणूस खुर्चीतून उठला. तीच किंकाळी तबकडीवर गेली, आणि वर नाव छापलं यांचं. बाईचा आवाज आहे कळलं तर लोक हसतील, हे पुरुषांचं काम आहे, असं चौघांनी मला समजावलं. बावीस वर्षांची होते, प्रेमात होते. समजले. पुढच्या वर्षी लग्न झालं. मला अंगठी मिळाली, माझा आवाज यांच्याकडे राहिला. त्यानंतर मी भाजीवाल्यावरसुद्धा आवाज चढवला नाही.

आणि हे चाळीस वर्षं कुणी ओळखलं की लाजून म्हणायचे, "छे हो, तरुणपणीची गोष्ट." निर्लज्ज!

१५ ऑक्टोबर

हद्द झाली. जेवताना कळलं. किंकाळी टेपवर वाजवायची आणि यांनी माईकसमोर नुसतं तोंड वासायचं! कागावाची कल्पना. कवळ्यांच्या धंद्यात राहून खोटं तोंड त्याला खरंच वाटू लागलंय.

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "अहो, एकदा चोरलीत तेव्हा मी लहान होते. आता परत चोरलीत तर मी या घरात राहणार नाही."

हे माशाचे काटे काढत बसले. काढलेले काटेच पुन्हा काढत होते.

१६ ऑक्टोबर

बोलणं बंद. मुळ्याची बरणी तशीच आहे. घेत नाहीत, मीही देत नाही.

२२ ऑक्टोबर

कार्यक्रम. मी जाणार नव्हते. पण स्वारी रक्तदाबाच्या गोळ्या घरीच विसरली — राक्षस!

दारावरच्या मुलीने विचारलं, कुठल्या बँडसाठी आलात? इथे असं विचारतात, कुणामुळे किती लोक आले ते कळायला. म्हटलं, कुणासाठीच नाही, गोळ्या द्यायला आलेय. ती म्हणाली, नाव सांगावंच लागतं. मी मुद्दाम आधी वाजवणाऱ्या कुठल्याशा पोरांचं नाव ठोकून दिलं.

आत गर्दी! टकले, नातवंडांना घेऊन आलेले, गोरे लांबुडके. मी पाठीमागे भिंतीला टेकून उभी राहिले. यांची विजार गुडघ्यात वाकत नव्हती. पहिली दोन गाणी कशीबशी पार पडली.

तिसरं. सगळा हॉल पुढे झुकला. शेजारच्या गोऱ्या पोराने तर डोळेच मिटले. किंकाळीची जागा आली. मी दाराकडे वळले — टेप ऐकायला मी थांबणार नव्हते. घरी जाऊन बॅग भरायची, बहिणीकडे कोबेला जायचं, ठरवलंच होतं.

टेप वाजली नाही. बँडच थांबला. मग माईकवर तोच बसमधला आवाज —

"ही किंकाळी माझी नाही. कधीच नव्हती. आमच्या हिची आहे, नोबुएची. चाळीस वर्षं मी तिच्या आवाजावर फुकट फिरलो."

आणि वाकले. कमरेपासून. विजार मागे उसवली, सगळ्यांना ऐकू आलं. कुणी हसलं नाही.

मी गोळ्या त्या मुलीच्या हातात दिल्या नि बाहेर पडले. स्टेशनच्या बाकावर बसून रडले. इतका राग आला होता! चाळीस वर्षं सांभाळलेला राग, तोही या माणसाने हातातून काढून घेतला.

२३ ऑक्टोबर

बॅग भरली नाही. विजार शिवायला घेतली.

कागावाचा फोन. माफी मागत होता, चाचरत. मी मागू दिली, अजिबात मदत केली नाही. शेवटी म्हणाला, फिनलंडवाला तबकडीवर माझं नाव घालणार आहे, आणि रविवारी पुन्हा कार्यक्रम ठेवलाय — मी आले तर. म्हटलं, माझं वय माहीत आहे ना? लाँड्रीत कपड्यांचे बिल्ले वाचते मी, गाते कुठे? आणि फोन आपटला.

यांना काही सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं. फोनपाशीच उभे होते, भांडं पुसत.

२५ ऑक्टोबर

बरणीतला मुळ्याचा रस सगळा मीच प्यायले. संध्याकाळी टबात बसले, आणि आवाज लागला! पहिल्याच झटक्यात नाही, पण लागला. मुराओकाबाईंनी भिंत ठोकली. हे बिस्किटांचा डबा घेऊन माफी मागायला गेलेत.