कुंदनचं रॉकेट, माझं खोकं

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कलेक्टर लोकांच्या नोंदी मागाहून सगळे शोधत बसतात आणि त्या सापडत नाहीत. माझी सापडेल. शोकेस, खालचा कप्पा, उजवीकडे.
सद्यस्थिती: अंतराळातली जुनी खेळणी एकूण एकवीस. रॉकेटं सहा, रोबो नऊ (दोन बिनहाताचे), उडत्या तबकड्या चार, चांद्रगाड्या दोन. यातली सतरा मी स्वतः कस्टमाइज केलेली. म्हणजे जुना रंग खरवडायचा, नवा मारायचा, नवं खोकं करायचं, खोक्यावर नवं चित्र काढायचं. अख्ख्या नाशकात असं काम करणारा मी एकटाच. उज्वला म्हणाली, एकटाच असणार. बायकोचं कौतुक असंच असतं, आडून.

सोमवार, १ सप्टेंबर.
मोठा दिवस! ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या कुंदनने पिशवीतून एक खोकं काढलं. मी पोळी खाली ठेवली.
पत्र्याचं रॉकेट. तांबडं, चावीचं, १९८८ च्या आसपासचं. जमिनीवरून सुसाट जातं, भिंतीला धडकलं की नाक वर करतं, दार उघडतं आणि आतून एक बोटभर माणूस डोकावतो. वर मूळ खोकं शाबूत. मी आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं.
कुंदन काहीतरी सांगत होता. वडील गेल्या वर्षी गेले, वर्षश्राद्ध १८ तारखेला निफाडला. वडील दर दिवाळीला स्वतः चावी देऊन रॉकेट घरभर सोडायचे. आता चावी अडकली आहे. आईच्या मनात आहे की त्या दिवशी फोटोपुढे ते एकदा चालावं. तर स्प्रिंग तेवढी बघशील का.
मी म्हणालो, निर्धास्त राहा. खरं तर अर्धंच ऐकलं. पत्र्यावरची छपाई बघत होतो. शेपटाशी गंज, एका पंखाला पोचा.
स्प्रिंग तेवढी! मला द्यायचं आणि म्हणायचं स्प्रिंग तेवढी.

बुधवार, ३ सप्टेंबर. संध्याकाळी.
तपासणी केली. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, चावी फिरली. रॉकेट चाललं, सोफ्याला धडकलं, माणूस डोकावला. तेजस्विनीने टाळ्या वाजवल्या. कॉलेजात गेली तरी पोर लहानच.
पण मग माझं काम काय उरलं?
ठराव: कुंदनला सरप्राइज द्यायचं. पूर्ण कायापालट. रंग मेटॅलिक निळा. स्प्रिंग काढून बॅटरी आणि मोटर. शेपटाला लाल एलईडी. खोक्यावर नवं चित्र: पांडवलेण्यांच्या डोंगरावरून रॉकेट झेपावतंय, वर शनी, खाली गोदावरी. कुंदनच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या वेळी फोटो काढायला तेजस्विनीला सांगून ठेवायचं.

रविवार, ७ सप्टेंबर.
आज चंद्रग्रहण. दुपारी सूतक लागल्यापासून उज्वलाने रंगाच्या डब्यांवर परात पालथी घातली. चांद्रयानाचं काम चंद्रामुळे बंद! घरात विज्ञानाला ही किंमत. निषेध म्हणून जेवलो नाही. सूतकामुळे कुणीच जेवत नव्हतं, त्यामुळे निषेध कुणाच्या लक्षात आला नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
पॉलिश पेपरने जुना रंग साफ उतरवला. तांबडा रंग फार चिवट होता, बोटं सोलली. पोचाही ठोकून काढत होतो, पण पत्रा चिरेल वाटलं, म्हणून पुट्टी भरायची ठरवली.
उज्वला म्हणाली, पितृपक्षात नवीन कामाला हात घालू नये, आणि दुसऱ्याच्या वस्तूला तर मुळीच नाही. मी म्हणालो, हे नवीन काम नाही, जुन्याचं नूतनीकरण आहे. ती पोळ्या लाटायला निघून गेली. पटलं असावं.
कुंदनने आज दोनदा विचारलं, चावीचं काही झालं का. मी गूढ हसलो.

शनिवार, १३ सप्टेंबर.
घट बसायच्या आधी घर आवरायला काढलं आहे. उज्वला माळ्यावर, मी शोकेसपाशी. शिस्त म्हणून आधी स्वतःचा पसारा काढला. रद्दीवाल्याला तीन गठ्ठे दिले. त्यात रॉकेटचं जुनं खोकंही घातलं. नवं खोकं तयार होत असताना जुन्याचा मोह ठेवणं हे कच्च्या कलेक्टरचं लक्षण. शिवाय ते तसंही बाद होतं. झाकणाच्या आत कुणीतरी शाईपेनाने खरडून ठेवलं होतं: चि. कुंदन, चौथी पास झाल्याबद्दल, वगैरे. कोऱ्या मालावर लिहू नये एवढी समज त्या काळी नव्हती लोकांना.
तेजस्विनीने विचारलं, पप्पा, हे कुंदनकाकांचं नाही का? मी म्हणालो, कुंदनकाकांना याहून चांगलं मिळणार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. आदराने असावं.

मंगळवार, १६ सप्टेंबर.
मोटर बसवली. रॉकेट गोल गोल फिरतं. स्वतःभोवती. एक चाक दुसऱ्याचं ऐकत नाही. भिंतीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे धडक नाही. धडकवलं तरी उपयोग नाही, कारण रंगाने दार चिकटलं आहे आणि माणूस आतच आहे. स्प्रिंग परत घालावी म्हटलं तर ती बाहेर काढताना उलगडून घरभर पसरली होती, आता डब्यात मावत नाही.
याला अपयश म्हणत नाहीत. प्रोटोटाइप म्हणतात.
कुंदन आज थेट म्हणाला की चालत नसेल तर राहू दे, आहे तसं परवा सकाळी दे, फोटोपुढे नुसतं ठेवू. नुसतं ठेवू! पंधरा दिवस मी बोटं सोलून घेतोय आणि याचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही. छातीत कळ आली. ॲसिडिटीही असेल. पण आधी विश्वासघात.

बुधवार, १७ सप्टेंबर.
दाढ दुखते म्हणून रजा. दाढ खरंच थोडी दुखली. फोन सायलेंटवर ठेवला होता. कुंदनचे नऊ मिस्ड कॉल. एखाद्या आजारी माणसाला नऊ फोन कोण करतं?

शुक्रवार, १९ सप्टेंबर.
ऑफिसला गेलो. वर्षश्राद्ध काल झालं. मी स्वतःहून सांगितलं की दाढ आता बरी आहे. कुंदन म्हणाला, बरं झालं. मी म्हणालो, रॉकेट अठ्ठावीसला प्रदर्शनात बघ, थक्क होशील. तो म्हणाला की अठ्ठावीसला नको, फक्त परत दे. मी म्हणालो, आठ दिवस धीर धर.
डबा त्याने लखनच्या टेबलावर जाऊन खाल्ला. लखन डिस्पॅचला आहे, त्याला खेळण्यातलं काय कळतं? बारा वर्षं माझ्यासोबत मेथीची भाजी वाटून खाल्ली, त्याचं हे फळ.

बुधवार, २४ सप्टेंबर.
अठ्ठावीसला गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आहे. आयोजक तृप्ती, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची अ‍ॅडमिन. मी तिला रॉकेटचे फोटो पाठवले, मथळा दिला 'निळं वादळ'. तिने विचारलं, मूळ रंग होता का, सर? मी म्हणालो, होता, पण काढला. यावर तिने बराच वेळ टाइप केलं आणि शेवटी फक्त 'ओके' पाठवलं. भारावली असावी.
कुंदनला मी स्वतः निमंत्रण दिलं आणि आईलाही आण म्हणून आग्रह केला. तो नको म्हणत होता. मग म्हणालो की रॉकेट तिथूनच घेऊन जा. तेव्हा येतो म्हणाला. एवढाच स्वार्थ.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ७.
आजचा ठराव: पहिलं बक्षीस मिळालं तरी नम्र राहायचं. भाषणात कुंदनचं नाव घ्यायचं. चुका पोटात घालायच्या.

तोच दिवस. संध्याकाळी ६.
सगळं जसं घडलं तसं लिहितो.
माझं टेबल मूळ वस्तूंच्या रांगेत नव्हतं. तृप्तीने मला लहान मुलांच्या हस्तकलेत बसवलं. डावीकडे आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, उजवीकडे कापसाचा ससा. मी जाब विचारला. ती म्हणाली, सर, रंग खरवडला की ती वस्तू जुनी राहत नाही, तुमचीच होते. हे तिने कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं, हे मला पार्किंगमध्ये कळलं.
साडेअकराला कुंदन आला. सोबत त्याची आई, सुलाबाई. पहिल्यांदाच भेटलो. मी बटण दाबलं. एलईडी लागले, रॉकेट गोल गोल फिरायला लागलं. सुलाबाई कौतुकाने वाकून बघत होत्या. म्हणाल्या, लय भारी केलंय भाऊ तुम्ही. आमच्याकडंबी असं एक हाय, पण ते तांबडं हाय. कुंदनच्या वडलांनी आणलेलं. तुमच्याकडंच दिलंय ना त्यानं दुरुस्तीला?
मी कुंदनकडे बघितलं. त्याने रॉकेट उचललं. पंखाच्या पोच्याच्या जागी, जिथे मी पुट्टी भरली आहे, तिथे अंगठा फिरवत राहिला. मग विचारलं, खोकं कुठंय. मी पांडवलेण्यांचं चित्र पुढे केलं. तो म्हणाला, हे नाही. मी म्हणालो, ते रद्दीत.
त्याने रॉकेट हळूच टेबलावर ठेवलं, आईचा हात धरला आणि चला म्हणाला. त्या विचारत होत्या, अरे, आपलं घ्यायचं होतं ना?
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तेजस्विनीने फोटो काढला नाही. मीही सांगितलं नाही.
माझ्यासाठी बक्षीस समारंभापर्यंत थांबलाही नाही तो. बक्षीस सशाला मिळालं.

मंगळवार, ३० सप्टेंबर.
कुंदनने साहेबांना सांगून टेबल बदलून घेतलं. खिडकीपाशी गेला. कारण दिलं उजेडाचं. माझ्याबद्दल साहेबांकडे एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.
ऑफिसातून थेट रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, माल दर सोमवारी गाडीत भरून जातो. तीन सोमवार होऊन गेले. तरी मी त्याच्या गोदामात तासभर शोधलं. माझ्याच घरचे दिवाळी अंक तरी सापडतील म्हटलं, तेही नाहीत.
उज्वलाने अंघोळीला पाणी काढून दिलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी ब्रश, रंग, पकडी पाटावर मांडून पूजा केली. दर वर्षी करतो. आज हळदकुंकू वाहताना रॉकेटही समोर होतं. मी ते कपाटात ठेवलं, मग पुन्हा काढलं.
सोनं द्यायला कुंदनच्या बिल्डिंगपर्यंत गेलो. खाली गोरक्ष भेटला, त्याचा शेजारी. म्हणाला, ते गावाला गेलेत. आपट्याची पानं वॉचमनला दिली. बरोबरच होतं, तोही माणूसच आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपारी ४.
निफाडला जाऊन आलो. ठराव होता की समजावून सांगायचं: हेतू शुद्ध होता, साहित्य उत्तम वापरलं, पितृपक्षाचा परिणामही असू शकतो. बसमध्ये पाठ करत गेलो.
कुंदन घरी नव्हता. चुलत्यांच्या द्राक्षबागेत छाटणी चालू आहे, तिकडे गेलेला. सुलाबाई एकट्या होत्या. बसा म्हणाल्या. मी रॉकेट आणि नवं खोकं पुढे ठेवलं. हे तेच आहे, हे त्यांना आता माहीत होतं. त्यांनी पदराने ते पुसलं. पुसायची गरज नव्हती, मी पुसूनच नेलं होतं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. चुकलं म्हणालो. त्या म्हणाल्या, असू द्या भाऊ, पत्राच तो.
मग म्हणाल्या, मला वाचता येत नाय. झाकणाच्या आत ह्यांनी लिहिलेलं, ते कुंदन दर दिवाळीला वाचून दाखवायचा. औंदा सांग म्हटलं तर उठून जातो. तुम्ही शिकलेले, तुमच्याकडं महिनाभर होतं. तुम्ही वाचलं असंल.
मी म्हणालो, वाचलं ना. चि. कुंदन, चौथी पास झाल्याबद्दल.
त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, आन् त्याच्या खालचं?
खाली काय होतं मला माहीत नाही. मी वाचलंच नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून सांगितलं: खूप शिक, मोठा हो, आईवडिलांचं नाव काढ.
त्या म्हणाल्या, नाय, असं नव्हतं ते.
काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी चहा केला, मी घेतला. निघताना रॉकेट फोटोपुढे ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी ते टीव्हीवर ठेवलं.