निळ्या रंगाखालचा नंबर

आई, काल आचोळ्यातल्या आपल्या जुन्या गल्लीत गेले होते, शेजारच्या मावशींची भिंत खरवडायला. हसू नकोस, ऑफिसचंच काम होतं. वस्तीतल्या लोकांची घरं कायद्याने त्यांच्या नावावर व्हावीत म्हणून त्यांचे कागद गोळा करायचे, फाइली लावायच्या, साहेबलोकांच्या मागे लागायचं, हे आता माझं काम. "दुनियेच्या घरांसाठी मरमर मर आणि स्वतः भाड्याने राहा," असं तू नक्की म्हणाली असतीस.

मावशींकडे जुना कागद एकही नाही. रेशनकार्डाचा एका पावसात लगदा झाला, लाइटबिल आहे ते फार नंतरचं. यादीत पात्र ठरायचं तर त्या पहिल्या सर्वेच्या वेळी त्यांची खोली उभी होती हे दाखवायला हवं. नाही दाखवलं तर अपात्र. मग रस्ता रुंद करायला खोली पाडली की पर्यायी घर नाही. मासळीची पाटी वाहून वाहून त्यांचे गुडघे कामातून गेलेत, या वयात त्या जाणार कुठे? पुरावा एकच होता, त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीत, आणि तो मला ठाऊक होता.

मी सहावीत असेन. दुपारची वेळ, तू माणिकपूरच्या शाळेत झाडलोटीला गेलेली, मावशी बाजारात. दोन माणसं येतात, एकाच्या हातात रजिस्टर, दुसऱ्याकडे ब्रश आणि लाल ऑइलपेंटचा डबा. प्रत्येक दाराशेजारी वीतभर आकड्यांत नंबर टाकत जातात. आपल्या भिंतीवर टाकला, मावशींच्या खोलीवर टाकला. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या सिस्टरने तुला उरलेला निळा डिस्टेंपर दिला. बादलीला फडकं बांधून तू तो केवढ्या ऐटीत घेऊन आलीस! रविवारी पदर खोचून आपली भिंत रंगवलीस. बादलीत उरला, तर म्हणालीस, "तिच्या मोठीला बघायला पाहुणे यायचेत, तिची भिंत का भुंडी ठेवायची?" आणि तीही रंगवलीस. दोन्ही नंबर निळ्याखाली गेले. बादली मी धरली होती.

सर्वेवाले नंबर पडताळायला पुन्हा आले तेव्हा घरी कोणीच नव्हतं. नंबर नाही आणि वर रंग ताजा, म्हणजे खोल्या नव्या, असं त्यांनी ठरवून टाकलं. यादी लागली, त्यात आपली आणि मावशींची खोली तेवढी नव्हती. सगळी गल्ली आपल्या दारात जमली. "अहो बाई, सरकारी नंबरावर रंग फासता? अक्कल चरायला गेली होती का?" तू मान खाली घालून म्हणालीस, "मला कुठं वाचता येतं? माझंच चुकलं." मावशी तेवढ्या तुला हाताला धरून आत घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तू मला म्हणालीस, "तू शिक बाई. भिंतीवर काय लिहिलंय तेवढं तरी कळू दे." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गृहपाठ काढून बसले.

आपली खोली नाल्याच्या कडेची, ती आधी गेली. रंगाखाली नंबर आहे हे तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही, अपात्र म्हणून हातात काही आलं नाही. मग नायगावला भाड्याची खोली, अकरा महिने झाले की दुसरी. कुठल्याच खोलीत तू साधा खिळा ठोकू दिला नाहीस. "दुसऱ्याची भिंत आहे," म्हणायचीस. देवाची तसबीरसुद्धा शेवटपर्यंत पत्र्याच्या पेटीवर टेकवून ठेवलेली. मला फार राग यायचा त्याचा. आता माझ्या भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायला माझाही हात धजत नाही.

काल पडताळणीला आलेल्या सरकारी साहेबांसमोर मी भिंतीवर पाणी मारलं आणि मावशींचं उलथनं घेऊन सुरू झाले. पिवळा निघाला, त्याखाली गुलाबी. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, अजून किती?" तेवढ्यात आपला निळा दिसला. खरं सांगते, मला रडू फुटलं. पाण्याने तो मळलेल्या पिठासारखा हाताला लागला आणि खालून लाल आकडे आले, जसेच्या तसे. साहेबांनी जुन्या रजिस्टरची नक्कल काढली. त्यात तोच नंबर होता, पुढे शेरा "आढळला नाही". त्यांनी फोटो काढला आणि पंचनामा लिहायला घेतला. नंबर कशाने झाकला गेला, हे विचारलं.

मावशी म्हणाल्या, "लिव भावा, शेजारनीनं रंगवली, माझ्या पोरीसाठी. तिला वाचता येत नव्हतं आनि कोनी सांगितलं पन नव्हतं. तिचा काय दोष?" साहेबांनी लिहिलं, शेजारील निरक्षर महिलेने अजाणतेपणी रंग दिला. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. मावशींचं काम होईल असं साहेब म्हणाले. मावशींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, बोंबलाचं कालवण वाढलं, आणि मी जेवले.

आई, सांगितलं होतं. ब्रशवाल्या माणसाने मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बाळ, यावर रंग द्यायचा नाही. आईला सांग." मला नीट कळलं होतं. पण वर्गातल्या मुली चिडवायच्या, तुमच्या घराला म्हशीसारखा बिल्ला मारलाय म्हणून. मला तो नंबर नकोच होता. तू रंगवत होतीस तेव्हा शेवटी थोडा लाल डाग दिसत राहिला होता. "आई, इथं राहिलं बघ," म्हणून बोट मीच दाखवलं, आणि तू त्यावर पुन्हा एकदा हात फिरवलास.

काल खरं लिहिलं असतं तरी मावशींचं काही बिघडलं नसतं, नंबर तर सापडलाच होता. तरी मी तुझ्या नावावर ढकललं आणि सही केली. "आईला सांग," म्हणाला होता तो माणूस. आज सांगतेय, आणि वर पत्ता कुठला घालावा ते कळत नाहीये.