चौथ्या अंकातला ‘तू’

१८ मे, रवि.
काल काय झालं, तेवढंच.
१. आमच्या नाट्यमंडळाचा इटालियन ऑपेरा, गंगापूर रोडच्या सभागृहात. गाणं इटालियन, वर पडद्यावर मराठी ओळी. तो पडदा चालवायचं काम माझ्याकडे.
२. मराठी भाषांतर वैद्य बाईंचं. शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या त्याच. मोबाईलवर टाइप करून पाठवलेलं.
३. दुपारी चारला फाइल पाहिली. राणी तीन अंक राजाला ‘तुम्ही’ म्हणते, चौथ्यात ‘तू’. मला ती चूक वाटली.
४. चौथ्या अंकात सगळीकडे ‘तू’ काढून ‘तुम्ही’. कॉम्प्युटरच्या ‘शोधा आणि बदला’ या एका आज्ञेत. पहिल्या तीन ओळी तपासल्या, ठीक होत्या. कोणाला विचारलं नाही.
५. ‘तू’ हे अक्षर ‘हेतू’तही असतं. ‘ऋतू’तही.
६. राजाने मृत्युदंड दिलेली राणी शेवटचं गाते. पडद्यावर: ‘माझा हेतुम्ही शुद्ध होता.’ मागून हसू. मग: ‘हा ऋतुम्ही संपला.’ सगळं सभागृह.
७. राणी झालेली रोहिणी गात राहिली.

शेवटी दिग्दर्शक शिरीष सर माईकवर: “भाषांतरात चुका राहिल्यात, सांभाळून घ्या.” बाई पहिल्या रांगेत. मी केबल गुंडाळत होते. गुंडाळलेलीच पुन्हा.

१९ मे, सोम.
अंबडला, कंपनीत. इलेक्ट्रिकल पॅनेलचं ड्रॉइंग अर्धंच झालं. शेजारच्या टेबलावरचा निखिल काल… नाही, परवा प्रयोगाला होता. “काय मॅडम, लवकर यायचा हेतुम्ही काय?” सगळे हसले. मीही. “तुमच्या बाई भारीच हां.” मी पुन्हा ड्रॉइंगकडे वळले.

दुपारी मंडळाच्या ग्रुपवर बाई: “माझ्याकडूनच राहिलं असणार. मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर नीट दिसत नाही. क्षमस्व.” खाली सगळ्यांचे जोडलेले हात. माझेही.

२१ मे, बुध.
रोहिणीला फोन. तिचे वडील गिरणी बंद ठेवून घोटीहून आले होते. “आप्पा विचारतात, लोकं का हसली गं, तुझा सूर गेला का? मी म्हटलं, नाय हो, वरची पाटी चुकली. त्यांना पटत नाय. म्हणतात, पाटीला कोण एवढं हसतं.” मग म्हणाली, “जाऊ दे. बाईंना लय लागलं असेल ना?”
म्हणाले, असेल.

२४ मे, शनि.
सांगायला म्हणून बाईंकडे गेले. पन्हं दिलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या.
“तीन अंक ती राणी असते गं, म्हणून ‘तुम्ही’. मुकुट काढून घेतल्यावर नुसती बायको उरते. तेव्हा पहिल्यांदा ‘तू’. त्या एका शब्दासाठी महिनाभर अडले होते. आणि मोबाईलने नेमका तोच खाल्ला बघ!”
“हो, मोबाईल करतात तसं.”
हे मी म्हणाले. आधी घाबरून गप्प होते. हे मात्र खोटं, आणि आपणहून.
दारात बाई: “तुझं शुद्धलेखन चांगलं होतं. दुसऱ्या प्रयोगाआधी एकदा नजर टाकशील?”
पन्हं तसंच राहिलं होतं, ते जिना उतरताना आठवलं.

२६ मे, सोम.
शिरीष सरांचा फोन. ७ जूनच्या प्रयोगाला पडद्यावर ओळी नाहीत, पत्रिकेत फक्त गोष्टीचा सारांश. पत्रिकेतून बाईंचं नाव काढायचं. “वय झालंय त्यांचं. उगाच परत हसं नको.” पत्रिका शुक्रवारी छपाईला. “चालेल ना तुला?” म्हणाले, बघते.
काय बघते?

२७ मे, मंगळ.
बाईंना एकट्यांना लिहावं असं दोनदा मनात आलं. पण त्यांनी माफी सगळ्यांसमोर मागितली होती. ७:१० ला ग्रुपवर टाकलं. प्रत इथे:

“प्रयोगातली चूक वैद्य बाईंची नाही, त्यांच्या मोबाईलचीही नाही. चौथ्या अंकातला ‘तू’ मी बदलला, न विचारता. बाईंनी तो जाणूनबुजून लिहिला होता. दहा दिवस मी गप्प बसले आणि शनिवारी बाईंशी तोंडावर खोटं बोलले. त्यांची मूळ फाइल सोबत जोडली आहे. तीत एकही चूक नाही. रोहिणी, आप्पांना हे वाचून दाखव.
शिरीष सर, ७ जूनला बाईंच्याच ओळी आणि पत्रिकेत त्यांचं नाव असावं, अशी विनंती. पडदा दुसऱ्या कोणाकडे द्यायचा असेल तर द्यावा.
बाई, तुम्हाला हे चालेल की नाही, आणि मी समोर आलेलं चालेल की नाही, दोन्ही गुरुवार, २९ मे, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.”