रविवारी आवाज नको

चि. हर्षल,
खडकीहून आईचे आशीर्वाद.

मी नि बाबा तुझ्याकडे म्युनिकला पोचलो त्याच दिवशी तू बजावलंस, "आई, इथे रविवारी मिक्सर लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, न कळवता कुणाची बेल वाजवायची नाही. शेजारी तक्रार करतात." मी चटणीसुद्धा सोमवारी वाटली.

त्या रविवारी तुम्ही दोघं तळ्यावर गेलात आणि बाबांच्या छातीत कळ आली. तुझा मोबाइल लागेना. खडकीत नुसती हाक मारली असती, तरी क्वार्टर्समधले सगळे धावत आले असते. तिथे मी समोरच्या दारापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि परत फिरले. बाबा ओरडायला लागले, तेव्हा त्यांच्या तोंडावर हात धरला. म्हटलं, "अहो, हळू. हर्षलला बोलणी बसतील."

तू आलास तेव्हा, एका झटक्यात गेले, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. दीड तास लागला त्यांना.

इथे तेराव्याला तू सगळ्यांना सांगत होतास, "बाबा अगदी शांतपणे गेले." मी मान डोलावली. हे पत्रही पाठवणार नाही, तुझा रविवार नासायचा.

एवढंच विचारायचं राहिलं: शेजाऱ्यांची तक्रार नाही ना आली?

तुझं सगळं ऐकणारी,
आई