चातुर्मासात सोडलेल्या गोळ्या

मी, कौशल्या दिनकर मोघे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार करोल बाग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर लावून घ्यावं. हृदय बिघडलं आहे, डोकं नाही.

१. राहतं घर मुलगा अविनाश आणि सून अरुणा यांना. डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून अरुणाने मिठाची बरणी पिठाच्या डब्यामागे लपवली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हात लावला नाही. माझ्यामागे तिने हे चार बायकांत सांगावं. पुरणयंत्रही तिलाच.

२. गेल्या वर्षी माझं हृदय ताणून सैल पिशवीसारखं झालं होतं. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि आकसून जवळजवळ जागेवर आलं! मी पेढे वाटले. मग आषाढी आली. चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. दरवर्षी कांदा-वांगं सोडते. यंदा म्हटलं, बरी झालेच आहे, गोळ्या सोडू. कोणाला बोलले नाही. गणपतीत पाय सुजले, आडवं पडलं की श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, "माताजी, दिल ठीक नहीं हुआ था, दवाई के सहारे संभला हुआ था." पुन्हा सावरेल का विचारलं, तर "देखते हैं." गोळ्या परत चालू आहेत. हृदय मोठं होतं, लहान होतं, मला विचारत नाही. मी नुसती बसून असते.

३. नात तनया मोठ्या सरकारी परीक्षेत पास झाली! आमच्या घरातली पहिली अफसर. एवढा आनंद या दुबळ्या हृदयात कसा मावतो, नवलच. तीन नोव्हेंबरला ट्रेनिंगला हजर व्हायचं आहे, आणि ही म्हणते, "यार आजी, तू बरी हो, मी पुढच्या वर्षी जाईन." रोज सकाळी मला काट्यावर उभी करते, वजन वहीत लिहिते. एकदम दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं. पण चूक माझी, वर्ष तिचं का जावं?

४. म्हणून वजनकाटा आणि वही, मी मरायची वाट न बघता, आजपासून अविनाशला. त्याने सहाला उठावं. शाळेसाठी त्याला उठवताना मी दहा वर्षं घसा फोडला आहे.

५. माझ्या पाटल्या तनयाला, पण ती वेळेवर ट्रेनिंगच्या गाडीत बसली तरच. नाहीतर त्या समोरच्या देविकाला, जी म्हणाली होती, "पोरीला इतकं शिकवून काय करणार?"

६. चातुर्मासाचे तीन आठवडे उरले आहेत. गोळ्यांच्या बदली मी तनयाला "थांब गं" म्हणणं सोडलं आहे. तोंडापर्यंत येतं. म्हणत नाही.

साक्षीदार: विनायक गुलाबराव शिर्के, प्रणिता समर्थ दाते (खालचा मजला). दोघांसमोर सही केली, मग चहा झाला, माझा अर्धा कप.

सही: कौशल्या दिनकर मोघे
करोल बाग, दिल्ली, १२ ऑक्टोबर २०२५

आजचं वजन छप्पन्न किलो. अविनाशने वाचलं, डोळे चोळत.