झिपरी दिसली तर

रविवार, दुपार

चि. ताईस,

बाबांचा आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो कालही दुखतच होता. तुझा खोकला गेला का? खोलीच्या खिडकीला कडी बसवून घेतलीस का? मागच्या पत्रातही विचारलं होतं, तू त्यावर काही लिहिलं नाहीस.

आज सकाळी तुझ्या झिपरीची स्पर्धा झाली. मैदानात पाट्या मांडलेल्या असतात. एकेका पाटीपाशी जायचं आणि तिच्यावर असेल ते कुत्र्याकडून करून घ्यायचं. बसवा, उजवीकडे वळा, शंकूंमधून नागमोडी चाला. कुत्र्याशी बोललेलं चालतं, हात लावलेला चालत नाही आणि पट्टा ताणला की गुण जातात. माझं वाचन तुला ठाऊकच आहे. मी अक्षरं जुळवेपर्यंत ही बसून मोकळी! परीक्षक हसून म्हणाले, "काका, कोण कुणाला चालवतंय?" दुसरा नंबर आला, ताई. माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

सराव घेणाऱ्या बाई दारात उभ्या आहेत. "मुद्द्याचं लिहा, काका," म्हणतात. लिहितोय.

मैदानात खाऊ देता येत नाही. म्हणून घरी सराव संपला की बक्षीस म्हणून मी तुझा जुना मफलर कुठेतरी लपवायचो आणि म्हणायचो, "ताई शोध." अंगणभर हुंगत फिरायची आणि सापडला की त्याच्यासमोर ताठ बसायची. आज बक्षीस घेताना माईकवाल्याने विचारलं, "एवढी गुणाची कुत्री कुणाची?" मी म्हणालो, "लेकीची." "आणि लेक कुठे असते?" ताई, मी सांगितलं. गाव सांगितलं, कपडे धुण्याचा कारखानाही सांगितला. वर मफलर लपवून झिपरीची करामतही दाखवली. लोकांना फार आवडलं.

जावई शेवटच्या रांगेत बसले होते.

मला दिसले ते नंतर. जवळ येऊन म्हणाले, "बाबा, वाळलात हो." झिपरी लगेच त्यांच्या पायांत घोटाळायला लागली, तिला बिचारीला काय कळतंय. "आपल्या दोघांना चहा आणा, मी धरतो हिला," म्हणाले. आवाज तोच, गोड. तो आवाज ऐकला की मला नाही म्हणता येत नाही. मी पट्टा दिला. चहा घेऊन आलो तर दोघंही नव्हते. माझी पिशवी खुर्चीवर होती. पिशवीत मफलर नव्हता.

चौकीवर गेलो. हवालदार म्हणाले, "कुत्रीचा परवाना त्यांच्याच नावावर आहे ना? मग त्यांनी आपलं कुत्रं नेलं. तक्रार कशाची, काका?" त्याने तुझा हात मोडला होता ते सांगायला लागलो, तर म्हणाले, "ते जुनं झालं."

तू केस कापलेस, चष्मा लावलास. कारखाना सुटला की सगळ्या बायका सारख्याच निळ्या कपड्यांत, तोंडाला फडकं बांधून बाहेर पडतात, असं तूच लिहिलं होतंस. त्याला तू सापडायची नाहीस. झिपरीला सापडशील. उद्या तो तिला घेऊन फाटकाशी उभा राहील आणि ती त्या गर्दीतून नेमकी तुझ्यापुढे येऊन बसेल, शेपूट हलवत. मीच शिकवलंय.

उद्या कामावर जाऊ नकोस. हे पत्र घेऊन बाई त्यांच्या गाडीने आत्ताच तुझ्याकडे निघतायत. उंच आहेत, केस पांढरे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव. पत्र वाचलंस की त्यांच्याबरोबर नीघ, सामान राहू दे. मी येत नाही. माझ्या मागावर कुणी असलं तर? वाटेत कुठे झिपरी दिसली तर तिला हाक मारू नकोस. तुझ्या तोंडून नाव निघेल, मला माहीत आहे. निघू देऊ नकोस. ती भुंकेल, रडेल. तू परक्या कुत्र्यासारखं बघ आणि चालू लाग.

तुला कुठे सोडलं ते मला सांगू नका, असं बाईंना बजावलंय. तूही नवा पत्ता कळवू नकोस, पत्र पाठवू नकोस. तो इथे येईल, माझ्यासमोर बसेल, गोड आवाजात विचारेल. तेव्हा मला खरोखरच ठाऊक नसावं.

तुझे बाबा